क्विल्ट बघायला पडुकाला जा!

गोधडीचे टाके निरखत तासन्‌तास रमणाऱ्यांनी अमेरिकेत गेल्यावर केंटकी राज्यातलं पडुका चुकवू नये. ओहायो आणि टेनेसी नद्यांच्या संगमावरच्या या छोट्या गावात १९९१ पासून नॅशनल क्विल्ट म्युझियम आहे. बिल आणि मेरेडिथ श्रोडर या दांपत्याने ते उभारलं.

इथे आजीच्या पेटीतल्या जुन्या रजया असतील असं समजू नका. भर आजच्या कलाकारांवर आहे. कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांची सूर्यग्रहणावरची क्विल्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. कापड स्वतः हाताने रंगवलेलं, टाके मात्र मशीनचे. १९८९ साली पडुकाच्याच स्पर्धेत ती सर्वोत्कृष्ट ठरली. मशीनवर क्विल्टिंग केलेल्या कामाला तिथे हा मान पहिल्यांदाच मिळाला, आणि हाताच्या टाक्यांचे आग्रही चांगलेच बिथरले!

जवळून बघा: वरचं कापड, मधला कापसाचा थर, खालचं अस्तर. तिन्ही धरून ठेवणारा टाकाच नक्षीही उमटवतो. आपल्या गोधडीतला धावदोरा हेच काम करतो.

दालनात उजेड मंद असतो, कारण प्रकाशाने रंग विटतात. डोळे सरावेपर्यंत थांबा. वसंतात इथे भरणाऱ्या ‘क्विल्टवीक’ या क्विल्ट-प्रदर्शनाला जाणार असाल तर हॉटेल खूप आधी बुक करा.