पावती मागायला लाज कसली?

दिवेलागणीची वेळ होती. शेजारच्या वहिनींकडे विरजण मागायला गेले, तर घरात अंधार. दारात त्यांची धाकटी लेक उभी. मी काही विचारायच्या आतच पाठ केल्यासारखं म्हणाली, ''आई घरी नाहीये.'' आतून मात्र बांगड्यांचा आवाज आला.

मी आत गेले. वहिनी स्वयंपाकघरात अंधारात बसल्या होत्या. सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी गावातल्या एकाकडून व्याजानं पैसे घेतले होते. दर महिन्याला व्याज जात होतं, पण मुद्दल तसंच. आता वसुलीचा माणूस रोज रात्री ओट्यावर येऊन बसायचा आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचा.

''पावत्या आहेत?'' मी विचारलं.

''एकही नाही. आणि त्या कोऱ्या स्टॅम्पपेपरवर साक्षीदार म्हणून तुमचीच सही आहे ना!''

माझ्या पोटात गोळाच आला. सही केली होती खरी! बी.ए. झालेली मी, 'घाईत आहेत बिचाऱ्या' म्हणून न वाचता मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे गेलो. महिलांना तिथे वकिलाचा सल्ला मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागत नाही. तिथल्या वकीलबाईंनी आधी पाणी दिलं. वहिनी मान वर करेनात, तेव्हा म्हणाल्या, ''अहो, खाली मान घालायला तुम्ही काय गुन्हा केलात? १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, ती कशापायी? कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, आणि कोर्ट त्याच कागदावर हुकूमनामा देत होतं!''

त्या दंग्यानंतर १८७९ साली 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' आला. कोर्टानं नुसतं खत पाहून निकाल द्यायचा नाही, तर व्यवहार सुरू झाला तिथपासून हिशेब तपासायचा, असं ठरलं. भरलेल्या पैशांची पावती मागायचा हक्क मिळाला, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं. न्यायमूर्ती रानडे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते. म्हणजे बघा, पावतीचा हक्क आपल्या पणजीच्याही आधीचा!

आज महाराष्ट्रात सावकारीसाठी २०१४ चा कायदा आहे. परवाना नसेल तर सावकारी हाच गुन्हा. चक्रवाढ व्याज लावता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. कोऱ्या कागदावर सही घेणं, कर्जदाराला त्रास देणं, हेही गुन्हेच. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याच्या कचेरीत करायची.

बचत गटातल्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट. मायक्रोफायनान्सच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये नियम केले. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर यायचं नाही, शिवीगाळ किंवा धमकी द्यायची नाही. घेतलेलं कर्ज फेडायचंच, त्यात दुमत नाही. पण अब्रू काही तारण ठेवलेली नसते.

आमच्या त्या माणसाकडे परवाना नव्हताच. तक्रारीचा अर्ज वहिनींनी स्वतः लिहिला, त्यावर मी सही केली. या खेपेला दोनदा वाचून! कोरा कागद अजून परत आलेला नाही, चौकशी चालू आहे. पण रात्रीचं ओट्यावर येणं थांबलं. वहिनींनी एक वही घातलीय. तारीख, रक्कम, कुणाच्या हाती दिली, सगळं त्यात लिहितात.

तुमच्या गल्लीतही एखाद्या घरात दिवेलागणीला अंधार दिसला तर विरजणाचं निमित्त काढून डोकावा. १५१०० या नंबरवर विधी सेवेची मदत मिळते, तेवढा तिच्या कॅलेंडरवर लिहून या.

परवा विरजण परत करायला गेले. ओट्यावरचा दिवा लागलेला होता. लेक दारातच ओरडली, ''आई घरी आहे, या ना काकू!''