विश्लेषण : किटो डाएटवर असताना मद्य लवकर का चढते?

किटो डाएट सुरू केले की अनेक जण बीअर सोडून व्हिस्की-सोड्यावर येतात. हिशेब बरोबरच असतो. बीअरच्या 650 मिलीच्या बाटलीतून साधारण 20 ग्रॅम कर्बोदके पोटात जातात आणि किटोमध्ये दिवसभराची मर्यादाच 20 ते 50 ग्रॅम असते. साध्या व्हिस्की-व्होडकात कर्बोदके जवळपास शून्य. पण पूर्वी तीन पेग पचवणाऱ्याचे डोके आता पहिल्याच पेगला का गरगरते, हे या हिशेबातून कळत नाही.

शरीरात काय बदललेले असते?

यकृतात एरवी सुमारे 100 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते. तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी असते. किटोच्या पहिल्या काही दिवसांत हा साठा बराच संपतो आणि पाणीही निघून जाते. पहिल्या आठवड्यात वजनाचा काटा झरझर खाली येतो, तो बराचसा यामुळेच. मद्य शरीरातील पाण्यात पसरते. त्यामुळे पाणी कमी असेल तर तेवढ्याच पेगने रक्तातील प्रमाण थोडे जास्त भरते. त्यात किटोवर भूक मंदावते, म्हणजे पेग बहुधा रिकाम्या पोटीच जातो.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांना किटो आहारावरील उंदरांच्या रक्तात, तेवढाच डोस देऊनही, अल्कोहोल जास्त आढळले. उंदरांचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. याच संशोधकांनी 2021 मध्ये व्यसनमुक्तीसाठी दाखल 33 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात किटो आहार घेणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात शामक औषधे कमी लागली. मात्र ते सर्व रुग्ण रुग्णालयात होते आणि दारू बंद होती.

खरा धोका कुठे आहे?

मद्य शरीराला साठवता येत नाही, म्हणून यकृत आधी तेच जाळते. 60 मिलीच्या पेगमध्ये सुमारे 20 ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे 140 कॅलरी असतात. त्या संपेपर्यंत चरबी जळणे मंदावते आणि यकृताचे नवी साखर तयार करण्याचे कामही अडते. भात-पोळी खाणाऱ्याकडे अशा वेळी ग्लायकोजेनचा राखीव साठा असतो. किटोवाल्याची ती टाकी आधीच रिकामी असते.

ठणठणीत माणसाच्या मेंदूला किटोन बऱ्यापैकी सांभाळून घेतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्यांची साखर मात्र रात्री झोपेतही धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, अडखळते बोलणे, गोंधळ ही लक्षणे हुबेहूब दारू चढल्यासारखीच दिसतात. ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ म्हणणारे मित्र इथेच फसतात. माणूस शुद्धीत असेल तर साखरेचे पाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवावे आणि 108 ला फोन करावा.

मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. त्यांच्या जोडीला किटो आणि मद्य आले तर रक्तात आम्ल साचू शकते, तेही ग्लुकोमीटरवर साखर जवळपास नॉर्मल दिसत असताना. त्यामुळे उलट्या, पोटदुखी, धाप यांना ‘हँगओव्हर’ समजून घरी बसू नये. या गोळ्या सुरू असताना किटो करायचेच असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

न पिताही चाचणीत अडकता येते?

क्वचित, पण येते. 2007 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात 59 वर्षांच्या माणसाची नोंद आली. मद्य न घेणारा हा गृहस्थ वजन घटवण्यासाठी अतिशय कमी कॅलरींच्या आहारावर होता. श्वास तपासून मगच सुरू होणारी गाडी त्याच्यासाठी सुरूच होईना! अशा आहारात शरीरात अ‍ॅसिटोन वाढते आणि यकृत त्यातील काहीचे आयसोप्रोपेनॉल करते. हेही एक अल्कोहोलच. त्या उपकरणाला ते दारूपासून वेगळे ओळखता येत नव्हते.

भारतात वाहनचालकासाठी मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅम आहे. पहिल्या गुन्ह्याला 10 हजार रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. मोटार वाहन कायद्यात श्वासचाचणीनंतर रक्तचाचणीचीही तरतूद आहे. प्रयोगशाळेतील गॅस क्रोमॅटोग्राफीत इथेनॉल आणि आयसोप्रोपेनॉल वेगवेगळे दिसतात.