ताडगोळा : कोवळ्या बियांचा मेवा

चैत्र-वैशाखाचे ऊन तापू लागले की बंगळूरच्या रस्त्यांच्या कडेला काळसर-जांभळ्या फळांचे ढीग दिसू लागतात. विक्रेता कोयत्याने फळाचा माथा छाटतो व आतील मऊ, पाणीदार गोळे अंगठ्याने अलगद बाहेर काढतो. कन्नड भाषेत ह्यांना ‘ताटी नुंगु’ म्हणतात. मुंबई-कोकणात हेच ताडगोळे. त्यांचा वृक्ष म्हणजे ताड. लिनीअस ह्या शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये त्याला ‘बोरॅसस फ्लॅबेलिफर’ हे नाव दिले.

ताडगोळा हा फळाचा गर आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः ती ताडाची कोवळी बी होय. एका फळात बहुधा अशा तीन बिया असतात. बीमध्ये भावी अंकुरासाठी जो अन्नसाठा होतो, त्यास वनस्पतिशास्त्रात ‘पुष्क’ म्हणतात. आरंभी पुष्कातील केंद्रके भराभर विभागतात. परंतु त्यांच्यामध्ये पेशीभित्ती निर्माण होत नाहीत, म्हणून ते पाण्यासारखे पातळ असते. पुढे भित्ती पडू लागल्या की त्याचा मऊ गर होतो आणि अखेरीस तोच हस्तिदंतासारखा कठीण बनतो. शहाळ्याचे पाणी व खोबरे ह्यांचे नातेही असेच आहे. तेव्हा ताडगोळ्याची गोडी ह्या दोन अवस्थांमधील अल्प काळाचीच!

फळाची ही घाई वृक्षाच्या अंगी मात्र नाही. ताडात नर व मादी वृक्ष निरनिराळे असतात. नीरा दोहोंपासून मिळते. फळे केवळ मादीला येतात. परंतु पहिला फुलोरा येण्यास सामान्यतः बारा ते वीस वर्षे लागतात, आणि तोवर नुसत्या रूपावरून नर-मादी ओळखता येत नाही. आज रोप लावणाऱ्यास त्याचे फळ मिळेल की नाही, हे त्याच्या मुलाच्या तरुणपणीच कळावयाचे.

म्हणूनच ताड तोडणे सोपे, त्याची भरपाई करणे कठीण. शेजारच्या तमिळनाडूत ताड हा राज्यवृक्ष आहे. तरीही वीटभट्ट्यांच्या जळणासाठी तेथे असंख्य ताड तोडले गेले. अखेर २०२१ मध्ये, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ताड तोडू नये, असे त्या राज्याने जाहीर केले.

हातातील गार ताडगोळा क्षणात संपतो. पण तो देणारा वृक्ष मागच्या पिढीने राखलेला असतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.