अडगळीतील सायकल पुन्हा रस्त्यावर

वाचकहो, आपल्या घराच्या जिन्याखाली किंवा परसात एखादी जुनी काळी सायकल पडून आहे काय? तिचे टायर बसलेले असतील, आऱ्यांवर गंज चढला असेल आणि सीटच्या स्प्रिंगांत कोळ्याने घर केले असेल. भंगारवाल्याच्या काट्यावर तिची किंमत लोखंडाच्या वजनाहून अधिक ठरत नाही. तिला त्या काट्यावर चढविण्यापूर्वी हा लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.

आमची सायकल अशीच पुष्कळ वर्षे अधारतालच्या घरी ओसरीत उभी होती. जबलपूर शहरातील या वस्तीला नाव मिळाले ते तेथील तलावावरून. राणी दुर्गावतीचे दिवाण आधारसिंह यांनी सोळाव्या शतकात तो बांधविला, असे सांगतात. १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय याच वस्तीत आहे. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर ही एकाच राज्यातील शहरे होती. त्यामुळे नोकरीच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे इकडे आली आणि इथलीच होऊन राहिली. आमचे कुटुंब त्यांपैकीच एक.

जबलपूर हे आयुधनिर्माणींचे शहर. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ साली उभी राहिली, खमरियाची निर्माणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निघाली आणि १९६९ साली व्हेइकल फॅक्टरी आली. भोंगा वाजला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. त्या लोंढ्यात आमचे वडीलही असत. त्यांच्या पश्चात ती सायकल कोणी चालविली नाही आणि कोणी विकलीही नाही. पुढे माझी मुलगी कृषी विश्वविद्यालयात शिकू लागली. जाण्यायेण्यासाठी सायकल घेण्याचे निघाले, तेव्हा ती म्हणाली, “नवी कशाला? आजोबांचीच नीट करू या.”

असे करता येते, याचे कारण सायकलीच्या इतिहासात आहे. सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी, ही मांडणी जॉन केम्प स्टार्ली या इंग्रज कारागिराने १८८५ मध्ये रूढ केली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेले टायर आणले. आपल्याकडे मद्रासची टी. आय. सायकल्स १९४९ मध्ये, सोनीपतची ॲटलस १९५१ मध्ये आणि लुधियानाची हीरो १९५६ मध्ये सुरू झाली. त्यांनी बनविलेल्या काळ्या सायकलीचा घाट इतकी वर्षे फारसा बदलला नाही. म्हणूनच पन्नास वर्षांपूर्वीच्या सायकलीचे बहुतेक सुटे भाग आजही मिळतात. दुसऱ्या कोणत्या वाहनाविषयी असे म्हणता येईल?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिला नियम असा की, घाई करू नये. प्रत्येक भाग सोडवताना त्याचे छायाचित्र घ्यावे आणि नटबोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. गंजाने धरलेल्या नटाला तेल सोडून रात्रभर मुरू द्यावे, हातोड्याने ठोकू नये. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हे ध्यानात ठेवावे. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविला म्हणजे सुटतो. हे ठाऊक नसल्याने पुष्कळांनी चांगला क्रँक बिघडवून ठेवला आहे.

छर्रे आणि वाट्या घासलेटमध्ये धुवाव्यात. हे काम उघड्यावर, विस्तवापासून आणि लहान मुलांपासून दूर करावे. वाटीच्या आतील कडेवर खड्डे पडले असतील तर ती बदलावी. जुने व नवे छर्रे एकत्र घालू नयेत. ते सर्वच्या सर्व नवे घालावेत आणि ताजे ग्रीस भरावे. साखळी मोजण्याची रीत सोपी आहे. तिच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. त्या इंचाच्या आठव्या भागाइतक्या अधिक भरल्या, तर साखळी ताणली आहे असे समजून ती बदलावी.

चाकांच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते. काळ्या सायकलीच्या रिमचा, टायर जेथे बसतो तेथील, व्यास ६३५ मिलिमीटर असतो. हल्लीच्या अनेक सायकलींचा तो ६२२ असतो. दोन्हींना बाजारात ‘२८ इंची’ म्हणतात, पण एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. दुकानात जाताना जुना टायर बरोबर न्यावा. चाकाचा आउट काढण्याचे काम मात्र जाणत्या कारागिराकडे सोपवावे.

जुना रंग कोरडा घासू नये. पूर्वीच्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ मुलांना अपाय करते. पाणी लावून घासावे. मूळ सोनेरी रेघा शिल्लक असतील तर नवा रंग देण्याऐवजी साफ करून मेण चोळणे अधिक बरे. नव्या रंगाखाली जुने दोष झाकले जातात, हेही विसरू नये.

आमच्या बाबतीत नेमके तेच होणार होते. वस्तीतील एका वृद्ध कारागिराकडे आम्ही सांगाडा घेऊन गेलो. त्यांना सारे उस्ताद म्हणतात. मी म्हणालो, “उस्ताद, आधी रंग देऊन टाका, म्हणजे आईला बरे वाटेल.” त्यांनी मान हलविली. पुढचा चिमटा सोडवून त्यांनी त्याच्या मानेवर घासलेट फासले, ते कोरडे पुसले आणि वर खडूची पूड भुरभुरविली. क्षणभराने त्या पांढऱ्या पुडीवर केसासारखी एक काळी रेघ उमटली. पोलादाला तडा गेला होता आणि त्यात शिरलेले घासलेट आता बाहेर येत होते. “भैया,” ते म्हणाले, “हा चिमटा उतारावर तुटला असता. पोरगी तोंडावर पडली असती.”

वाचकहो, अशा तड्याला जोड देऊन भागत नाही. चिमटा बदललाच पाहिजे. घरी आल्यावर आईला हे सांगणे मला जड गेले. ती प्रथम म्हणाली, “एकेक भाग बदलत गेलात, तर यात ह्यांचे काय राहील?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “तो चिमटा माझ्या खोलीत ठेवा. सायकल पोरीला द्या. ह्यांनी ती बघायला घेतली नव्हती, चालवायला घेतली होती.”

जुन्या वस्तू केवळ पाहण्यासाठी जपणे हेही मोलाचे कार्य आहे. पुण्यात कर्वेनगर येथे विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. तेथे जुन्या सायकली किती निगुतीने जपल्या आहेत, ते अवश्य पाहावे. तेथे मूळ भागाला मोल आहे. घरच्या सायकलीवर मात्र आपले मूल बसणार असते, म्हणून तेथे भागापेक्षा भरवशाला मोल अधिक.

सायकल तयार झाली म्हणजे आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिल्यावर दांडी आणि शरीर यांत बोटभर तरी अंतर राहिले पाहिजे. तसे नसेल तर ती सायकल त्या मुलासाठी मोठी आहे. दुसरे असे की, पोलादी रिम पावसात भिजल्या म्हणजे ब्रेक उशिरा धरतात. तेव्हा वेग कमी ठेवावा आणि ब्रेक आधीच दाबावा. पहिल्या दहा-पंधरा दिवसांनंतर सर्व नट आणि आरे पुन्हा तपासून घ्यावेत.

उस्तादांच्या दुकानात आता शिकाऊ मुलगा नाही. खडूच्या पुडीची ही युक्ती त्यांच्या हातांत आहे, पुढे ती कोणाच्या हातांत असेल हे सांगता येत नाही. आपल्या गावातही असे एखादे उस्ताद असतील. त्यांचे हात चालते आहेत तोवर ओसरीतील सायकल बाहेर काढावी, आणि काम चालू असताना घरातील मुलामुलींना त्यांच्या शेजारी बसवावे.

माझी मुलगी आता सकाळी तलावाच्या बाजूने विश्वविद्यालयात जाते. संध्याकाळी फाटकाशी घंटी वाजते, तेव्हा आई स्वयंपाकघरातून विचारते, “आली का सायकल?” पूर्वीही ती असेच विचारीत असे.