घरीं लिहिलेल्या तबकड्या कां अडतात?

लग्न, मुंज, साठीशांत असें कोणतेंही कार्य घरांत झालें, कीं त्याचें चलच्चित्र डीव्हीडीच्या तबकडीवर उतरवून कपाटांत ठेवण्याची चाल २००० सालानंतर आपल्या घरोघर पडली. कोणीं ती छायाचित्रकाराकडून करवून घेतली, तर कोणाच्या मुलानें वा पुतण्यानें ती घरच्या संगणकावर लिहिली. त्या कार्यांत मिरविणाऱ्या वडील मंडळींपैकीं कित्येक आज हयात नाहींत. त्यांचें चालणें-बोलणें पहावयाचें, त्यांचा आवाज ऐकावयाचा, तर पुष्कळ घरांत ती तबकडी हेंच एक साधन उरलें आहे. आणि नेमकी तीच यंत्रांत घातली असतां 'डिस्क नाहीं' असा शेरा उमटतो, किंवा ऐन मंगलाष्टकांत चित्र थिजून त्याचे चौकोनी तुकडे दिसूं लागतात. मग ती 'खराब झाली' म्हणून टाकून देण्यांत येते. ही घाई होय, असें आम्हांस वाटतें. दोष तबकडींत असेल, तिच्या लेखनांत असेल किंवा वाचणाऱ्या यंत्रांत असेल. तो कोठें आहे हें ठरविल्यावांचून निकाल देऊं नये.

कारण शोधण्याची अन्वय-व्यतिरेकाची जी रीत आपल्या न्यायशास्त्रांत सांगितली आहे, ती येथें तंतोतंत लागू पडते. अडणारी तबकडी दुसऱ्या यंत्रांत घालून पहावी, आणि त्याच यंत्रांत बाजारची चांगली तबकडी घालून पहावी. सर्वच तबकड्या अडत असतील, तर यंत्र दोषी. एकच तबकडी सगळीकडे अडत असेल, तर ती तबकडी किंवा तिचें लेखन दोषी. परंतु बाजारच्या साऱ्या चालतात आणि घरच्या तेवढ्या अडतात, असें आढळल्यास काय समजावें?

त्यासाठीं दोहोंतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. कारखान्यांत तबकडीवर सूक्ष्म खळगे ठशानें उमटवितात. घरच्या तबकडींत असे खळगे नसून रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लेझर-किरणाच्या उष्णतेनें तो जागोजाग पालटतो, आणि यालाच 'बर्न करणें' म्हणतात. ठशाच्या खुणा जितक्या ठसठशीत, तितक्या या रंगाच्या खुणा नेहमींच नसतात. म्हणून ज्या यंत्राचें भिंग धुळीनें माखलें आहे किंवा ज्याचा लेझर वयोमानानें क्षीण झाला आहे, तें बाजारची तबकडी वाचतें आणि घरची नाकारतें. पुन्हां पुन्हां लिहितां येणारी 'आरडब्ल्यू' तबकडी तर प्रकाश आणखीच कमी परत पाठविते. अशा वेळीं दोष तबकडीचा दिसतो, पण असतो यंत्राचा.

लेखनाचे दोष मुख्यत्वें तीन. पहिला असा, कीं जुन्या डीव्हीडी-प्लेयरला एमपेग-२ पद्धतीचें चित्र आणि 'व्हिडिओ टीएस' या नांवाच्या कप्प्यांतील ठराविक मांडणी लागते. संगणकावरील चित्र जसेंच्या तसें तबकडीवर टाकलें, तर संगणक तें दाखवितो, परंतु प्लेयर दाखवीलच असें नाहीं. दुसरा दोष म्हणजे 'फायनलाइज' हा समारोपाचा विधि राहून जाणें. असें झालें म्हणजे तबकडी ज्या रेकॉर्डरवर लिहिली, बहुधा त्याच्याच ओळखीची राहते. तो रेकॉर्डर घरांत चालू स्थितींत असेल, तर हें काम पुष्कळदां मागाहूनही करतां येतें. तिसरा दोष घाईचा. सोळापट वेगानें लिहिण्याऐवजीं चार किंवा आठपट वेगानें लिहिलेली तबकडी पुष्कळदां अधिक निर्वेध चालते.

चित्र कोणत्या ठिकाणीं अडतें, हेंही पहावें. तबकडीचें वाचन मध्याकडून कडेकडे होतें. म्हणून दर वेळीं शेवटाकडेच चित्र अडत असेल, तर बाहेरची कड तपासावी. बोटांचे डाग, बांक, किंवा ४.७ अब्ज बाइटांची तबकडी कडेपर्यंत ठासून भरणें, यांपैकीं कांहीं तरी तेथें असावें. वर चिकटविलेला कागदी पट्टाही तोल बिघडवितो. मात्र तो ओढून काढूं नये, कारण त्यासरशीं तबकडीलाच इजा होण्याचा संभव असतो.

पुसतांना मऊ सुती फडकें पाण्यानें किंचित् ओलें करून मध्याकडून कडेकडे सरळ पुसावें. गोल गोल पुसूं नये. आडव्या चऱ्यानें मजकुराच्या एकेका वेढ्यांतील थोडाच भाग बिघडतो, आणि तेवढी चूक यंत्र आपली आपण दुरुस्त करून घेतें. पण वेढ्याच्याच दिशेनें चरा पडला, तर सलग मजकूर नाहींसा होतो. दंतमंजन चोळण्याचा जो उपाय सांगण्यांत येतो, तो एकुलत्या एका प्रतीवर कोणीं करून पाहूं नये. ऊन व दमट हवा हे रंगथराचे वैरी आहेत. त्यामुळें कोंकणांतील पावसाळ्यांत तर तबकड्या घट्ट झांकणाच्या डबींत, अंधाऱ्या व कोरड्या जागीं, उभ्या ठेवाव्या.

एवढें करूनही प्लेयर हट्ट सोडीत नसेल, तर ती तबकडी संगणकाच्या डिस्क-ड्राइव्हमध्यें घालावी. अलीकडील बहुतेक लॅपटॉपांत तो नसतो, पण बाहेरून जोडावयाचा मिळतो. प्लेयरनें नाकारलेली तबकडी असा ड्राइव्ह कित्येकदां वाचतो, आणि एकानें न वाचल्यास दुसऱ्यावर प्रयत्न करावा. खराब जागा पुन्हां पुन्हां वाचून नक्कल करणारे प्रोग्रामही आहेत. ती वाचूं लागली, कीं घरांतील सर्वांना बोलावून चित्र पहात बसण्याचा मोह आवरावा आणि आधीं संपूर्ण नक्कल उतरवून घ्यावी. तबकडी दुसऱ्यांदा वाचली जाईल, याचा भरंवसा नसतो.

आपल्या पोथ्या इतकीं शतकें टिकल्या, त्या कागद अमर होता म्हणून नव्हे. जुनी प्रत जीर्ण होण्यापूर्वीं कोणी तरी नवी उतरवून घेत असे, म्हणून त्या आपल्या हातीं आल्या. तबकडीसही तोच न्याय लागतो. दोन नकला कराव्या, दोन भावांच्या दोन घरीं ठेवाव्या, आणि सोबत कागदावर कार्य, तिथि व चित्रांतील माणसांचीं नांवें लिहावीं. ओळखणारीं माणसें घरांत आहेत तोंवरच हें लिहून होईल. म्हणून तें या सुटींतच उरकावें.