आई बारीक म्हणून दूध निकस नसते

बाळंतीण अंगाने बारीक असली की घरातले कुणीतरी म्हणतेच, ‘हिच्या दुधात काय कस असणार? बाळाला थोडं वरचं दूध पाजा.’ हिंगोलीतल्या पुसेगावपासून मुंबईपर्यंत ही शंका सारखीच. ती कितपत खरी?

आईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण १ ग्रॅम प्रथिने असतात. उंचीच्या मानाने आईचे वजन जास्त असेल, तर हे प्रमाण किंचित वाढलेले काही अभ्यासांत दिसले. पण फरक थोडाच. बारीक आईचे शरीर स्वतः झीज सोसून दुधाचा कस टिकवते.

गायीच्या दुधात प्रथिने तिपटीहून अधिक. पण त्यांत बहुतांश केसिन. त्याची पोटात घट्ट गुठळी होते. आईच्या दुधात पचायला हलकी ‘व्हे’ प्रथिने जास्त. शिवाय प्रथिने तोडणारी विकरेही या दुधातच असतात. नवजात बाळाच्या पोटात आम्ल कमी असते, तेव्हा ती कामी येतात.

वजन जास्त असलेल्या आईला पान्हा फुटायला कधी उशीर होतो. तेव्हा बाळाला वारंवार अंगावर घ्यावे; डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बाटली नको.

पहिले ६ महिने फक्त आईचेच दूध द्यावे. कस वाढवायचा तो आईच्या ताटात: भाकरी, डाळ, शेंगदाणे, अंडी असे दिवसाला सुमारे ६०० कॅलरी जास्तीचे. पहिल्या आठवड्यानंतरही बाळाला दिवसात ६ पेक्षा कमी वेळा लघवी होत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात दाखवा.