नवापूरची पागा आणि डोंकास्टरचा सयाजीराव

नवापूर तालुक्यातील चिंचपाडा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील एक लहानसे स्थानक आहे. नंदुरबारहून निघालेली गाडी येथवर येईतो खानदेशची काळी, सपाट जमीन मागे पडलेली असते आणि साग, मोह व चिंच यांची झाडी, भाताची खाचरे आणि मावची, कोकणी, भिल्ल समाजांचे टेकड्यांच्या कुशीत विखुरलेले पाडे दृष्टीस पडू लागतात. पुढे नवापूर लागते, ज्याचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत मोडते, आणि त्यापलीकडे थोड्याच अंतरावर सोनगडचा डोंगर. रूळ पडण्यापूर्वी कित्येक शतके खानदेशातून सुरत बंदराकडे जाणारा व्यापाराचा राजमार्ग याच नवापुरावरून जात असे. ज्या वाटेने माल जातो त्या वाटेने घोडेस्वारही येतात, हा मध्ययुगीन राजकारणाचा नियम असल्यामुळे, अठराव्या शतकाच्या आरंभी या वाटेवर एका मराठा सरदाराच्या पागेचा तळ पडला. त्या पागेची कथा जेथे जाऊन पोहोचते ते ठिकाण मात्र येथून सहस्रावधी कोस दूर, इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील डोंकास्टरच्या हिरवळीवर आहे. आणि या दोन टोकांना जोडणारा दुवा आहे एक घोडा, ज्याचे नाव होते सयाजीराव.

प्रथम पागेविषयी. पुणे प्रांतातील दावडी गावचे गायकवाड हे सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पदरी होते. त्यांच्यापैकी दमाजीराव १७२० मध्ये बाळापूरच्या रणांगणावर असा पराक्रम करते झाले की, शाहू महाराजांनी त्यांना ‘समशेर बहाद्दर’ हा किताब बहाल केला. त्यांचे पुतणे पिलाजीराव यांच्याकडे एका लहानशा पागेचे आधिपत्य होते आणि तिचा मुक्काम सुरतेच्या वाटेवरील या नवापुरास होता. तेथे अधिक बलवान मराठा सरदारांशी वितुष्ट आल्यामुळे पिलाजीरावांना तळ हलवावा लागला. ते पश्चिमेस सरकले आणि १७१९ मध्ये त्यांनी भिल्लांच्या ताब्यातील सोनगड हस्तगत केला. पुढे बडोदे संस्थान म्हणून जे राज्य नावारूपास आले, त्याची पहिली राजधानी हा डोंगरी किल्ला होय. एका राजघराण्याचे दैव अशा रीतीने आमच्या तालुक्याच्या मातीत, घोड्यांच्या टापांखाली, प्रथम आकारास आले, ही गोष्ट या भागातील फार थोड्या लोकांच्या स्मरणात आहे.

मराठ्यांच्या फौजेत घोडा हे केवळ वाहन नव्हते. तो हिशेबाचा एकक होता. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर, आणि सरदाराचे वजन त्याच्या पदरी किती घोडे आहेत यावरून ठरे. भीमेच्या खोऱ्यात निपजणारा भीमथडी घोडा उंचीने बेताचा असला तरी पोटाला थोडे लागणारा, पायाला कणखर आणि दमाला लांब असल्यामुळे मुलूखगिरीस योग्य ठरला. अरबी घोड्याचे सौंदर्य त्याच्यापाशी नव्हते. पण नदीनाले, काटेरी कुंपणे, खडकाळ घाट आणि पावसाळ्यातील चिखल हेच त्याचे मैदान असल्यामुळे, वेगापेक्षा टिकाव श्रेष्ठ हा धडा मराठा स्वाराच्या अंगी भिनला होता.

हाच धडा युरोपात एका क्रीडाप्रकाराच्या रूपाने जन्मास आला. १७५२ मध्ये आयर्लंडातील कॉर्क परगण्यात दोन गृहस्थांनी बटेव्हंट गावच्या चर्चपासून डोनरेल गावच्या चर्चपर्यंत, म्हणजे सुमारे साडेचार मैल, वाटेतील कुंपणे, दगडी बांध व ओढे ओलांडीत सरळ घोडे फेकण्याची पैज लावली, अशी कथा सांगतात. चर्चचे निमुळते शिखर हीच दिशेची खूण असल्यामुळे त्या शर्यतीस शिखराचा पाठलाग, म्हणजे स्टीपलचेस, हे नाव पडले. पुढे १८३९ पासून लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री मैदानावर धावली जाणारी ग्रँड नॅशनल ही या प्रकारची सर्वांत कठीण परीक्षा ठरली. योगायोग असा की, आयर्लंडात ही पैज लागली त्याच्या पुढच्याच वर्षी, १७५३ मध्ये, पिलाजीरावांचे पुत्र दमाजीराव आणि रघुनाथराव पेशवे यांच्या घोडदळाने अहमदाबाद सर केले. एकीकडे जे मनोरंजन होऊ लागले होते ते दुसरीकडे अद्याप राजकारण होते. पण बांध ओलांडणाऱ्या घोड्याकडून दोन्हीकडे एकच अपेक्षा होती, की त्याने शेवटच्या कोसाला दगा देऊ नये.

अडथळ्यांच्या शर्यतीचे हे वेड हिंदुस्थानात आले तरी मुळे धरून राहिले नाही. येथे रुजली ती सपाट मैदानावरील शर्यत. मुंबईत भायखळ्याच्या मैदानावरून ती १८८३ च्या सुमारास महालक्ष्मीस आली, आणि १९४३ मध्ये जेव्हा पहिली इंडियन डर्बी धावली गेली तेव्हा ती जिंकणारी घोडी ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ही बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या मालकीची होती व तिच्यावर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी स्वार होता. पिलाजीरावांच्या वंशजाची ही आधुनिक पागा. तिचा विस्तार मग समुद्रापलीकडे झाला: महाराजांनी इंग्लंडातील न्यूमार्केट येथे वॉरन प्लेस हे स्थान विकत घेऊन सॅम आर्मस्ट्राँग या निष्णात ट्रेनरच्या हाती आपले घोडे सोपविले.

१९४५ च्या उन्हाळ्यात ‘दाँते’ नावाच्या घोड्याने इंग्लिश डर्बी जिंकली. त्याची आई रोझी लेजंड, आणि पिता नियार्को हा इटलीतील अश्वपैदासकार फेदेरिको तेसिओ यांच्या हातचा, चौदा शर्यतींत एकदाही न हरलेला घोडा. त्याच मातापित्यांचे एक वर्षाचे शिंगरू त्या वर्षी लिलावात उभे राहिले, तेव्हा बडोद्याच्या वतीने अठ्ठावीस हजार गिनींची बोली लावण्यात आली. त्या काळी इंग्लंडच्या लिलावात एक वर्षाच्या शिंगरासाठी कोणीही इतकी किंमत दिली नव्हती. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, आणि तेव्हाचा हुंडणावळीचा दर रुपयास एक शिलिंग सहा पेन्स. त्या हिशेबाने ही रक्कम तीन लाख ब्याण्णव हजार रुपये होते.

आमच्या जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडे येथे दत्तजयंतीस घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे जाणता खरेदीदार घोड्याचे दात पाहतो, गळ्यावर देवमण आहे की नाही हे भोवरे चाचपून ठरवितो, खूर उचलून पाहतो, रेवाल चालीने दहा-वीस पावले चालवून घेतो, आणि मगच बोलीला तोंड फोडतो. न्यूमार्केटचा खरेदीदार भोवऱ्याऐवजी वंशावळ पाहतो, इतकाच भेद. दोन्ही ठिकाणी जी किंमत ठरते ती घोड्याच्या कर्तृत्वाची नसून विकत घेणाऱ्याच्या आशेची असते. कारण कर्तृत्व अजून घडावयाचे असते.

महाराजांनी त्या शिंगरास आपल्या आजोबांचे नाव दिले. आजोबा म्हणजे तिसरे सयाजीराव, जे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातून १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले आणि ज्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू करून १९०६ मध्ये तो सर्व संस्थानास लागू केला. आम्हाला या नावाचे अगत्य आणखी एका कारणास्तव आहे. आपल्या घराण्याच्या आद्य राजधानीत, सोनगडास, रानातील धाणका मुलांसाठी सयाजीरावांनी वसतिगृहयुक्त शाळा उघडली. ज्या समाजाच्या मुलांना अक्षराची ओळख करून देणे हे राज्याचे कर्तव्य आहे असे तेव्हा क्वचितच कोणा सत्ताधीशास वाटत होते, त्या समाजासाठी. सोनगडच्या रानात आणि चिंचपाड्याच्या रानात भेद आहे तो केवळ सरहद्दीच्या रेषेचा.

सयाजीराव घोड्याचे खरे वर्ष म्हणजे १९४७. तीन वर्षांच्या घोड्यांसाठी इंग्लंडात ज्या मानाच्या शर्यती आहेत त्यांपैकी पहिली, टू थाउजंड गिनीज, एक मैलाची. तीत ट्यूडर मिन्स्ट्रेल नावाच्या घोड्याने घोड्याच्या आठ लांबींच्या अंतराने असा विजय मिळविला की, पाहणाऱ्यांना त्या वर्षीचा प्रश्न तेथेच मिटल्यासारखा वाटला. सयाजीराव तिसरा आला. त्यानंतर त्याने लिंगफील्डची पूर्वपरीक्षा जिंकली, आणि जूनमध्ये एप्समच्या डर्बीस दीड मैलाची धाव आली, तेव्हा लोकांच्या पैशाचा ओघ अर्थातच ट्यूडर मिन्स्ट्रेलकडे होता. तथापि एका मैलाचा राजा दीड मैलास राजा राहतोच असे नाही. तो चौथा आला. फारसा कोणी न मोजलेला फ्रान्सचा पर्ल डायव्हर पहिला, आगाखानांचा मिगोली दुसरा, आणि सयाजीराव पुन्हा तिसरा, पण या वेळी ज्याने त्याला आठ लांबींहूनही अधिक मागे टाकले होते त्याच्या पुढे. अंतर वाढत होते तसतसा हा घोडा उमलत होता. त्याच उन्हाळ्यात आयर्लंडातील करा मैदानावरची आयरिश डर्बी त्याने जिंकली.

उरली होती सेंट लेजर. १७७६ पासून, म्हणजे सवाई माधवराव पेशवे पाळण्यातून नुकते बाहेर पडत होते तेव्हापासून, डोंकास्टर येथे धावली जाणारी ही शर्यत मानाच्या शर्यतींत सर्वांत जुनी आणि सर्वांत लांब, पावणेदोन मैलांहून थोडी अधिक. पहिल्या मैलात येथे काहीच सिद्ध होत नाही; शेवटच्या दीर्घ सरळ पट्ट्यात, जेव्हा फुप्फुसे रिकामी होतात आणि स्वाराचा हात व घोड्याचे मन एवढेच शिल्लक राहते, तेव्हा निवाडा होतो. १९४७ च्या सप्टेंबरात, म्हणजे हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यास एक महिनाही पुरता लोटला नव्हता तेव्हा, एडगर ब्रिटने सयाजीरावास त्या पट्ट्यात आणले. फ्रान्सचा आर्बार त्याच्याशी अखेरपर्यंत झुंजला, डर्बीत पुढे गेलेला मिगोली तिसऱ्या स्थानी राहिला, आणि सयाजीराव केवळ एका मस्तकाच्या अंतराने विजयी झाला. पावणेदोन मैल धावून हातभराच्या फरकाने मिळालेला हा विजय आठ लांबींच्या विजयाहून मला अधिक मोलाचा वाटतो. कारण सहज जिंकणारा घोडा आपले सामर्थ्य दाखवितो, तर असा घोडा आपला स्वभाव दाखवितो. पुढील वर्षी त्याने रॉयल ॲस्कॉटची हार्डविक स्टेक्सही जिंकली, आणि महाराजांच्याच ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज पटकावून पागेच्या कीर्तीत भर घातली.

टिकावाचा हा गुण त्याच्याबरोबर संपला नाही. त्याची कन्या ग्लॅडनेस हिने १९५८ मध्ये अडीच मैलांचा ॲस्कॉट गोल्ड कप जिंकला. तिला तयार करणारे व्हिन्सेंट ओब्रायन यांनी त्यापूर्वी, १९५३ ते १९५५ या लागोपाठच्या तीन वर्षांत, तीन निरनिराळ्या घोड्यांकडून ग्रँड नॅशनल जिंकून घेतली होती. अडथळ्यांच्या शर्यतीत ज्यांनी दमाची पारख शिकली त्यांच्याच हाती ही घोडी सापडावी, हे मला अर्थपूर्ण वाटते. १९६४ मध्ये त्याचा पुत्र इंडियाना याने तीच सेंट लेजर जिंकली, जी पित्याने सतरा वर्षांपूर्वी जिंकली होती.

आता हिशेबाची दुसरी बाजू मांडल्यावाचून हा लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. राजाची पागा रयतेच्या साऱ्यावर उभी असते. पिलाजीरावांच्या काळी ती चौथाईवर उभी होती. प्रतापसिंहरावांच्या काळी प्रजा जागी झालेली होती आणि खजिन्यातून उचललेल्या रकमांचा जाब मागू लागली होती. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले व १९५१ मध्ये महाराजांची मान्यता सरकारने काढून घेतली. तरीही विलीनीकरणाच्या आदल्याच दिवशी, ३० एप्रिल १९४९ रोजी, त्यांच्याच कारकीर्दीत बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, हेही त्याच दप्तरात नोंदलेले आहे. एकाच नावाने एक घोडा, एक विद्यापीठ आणि रानातल्या मुलांची एक शाळा अशा तीन गोष्टी मागे राहिल्या. त्यांतील घोड्यावर कोणताही दोष येत नाही; त्याला आपल्या किंमतीची वार्ता नव्हती, आणि ज्याचे नाव त्याला दिले होते त्या पुरुषाप्रमाणेच तो लांब पल्ल्याचा निघाला. पण तीन लाख ब्याण्णव हजारांच्या त्या रकमेकडे पाहताना, तेवढ्यात सोनगडासारखी किती वसतिगृहे उभी राहिली असती, हा प्रश्न आमच्या भागातील मनुष्याच्या मनात उठल्यावाचून राहत नाही, आणि तो उठावा असेच मला वाटते.

सायंकाळी चिंचपाड्याहून सुटणाऱ्या गाडीत नवापूर व सोनगड भागात शिकणारी पोरे दप्तरे मांडीवर घेऊन बसलेली असतात. त्यांच्या खिडकीबाहेर जो जुना सुरतेचा रस्ता कधी जवळ येतो, कधी झाडीत दिसेनासा होतो, त्याच रस्त्याने पिलाजीरावांच्या पागेचे घोडे एके काळी पश्चिमेकडे गेले होते. त्या पोरांना ही कथा कोणी तरी सांगितली पाहिजे: नवापूरची पागा, सोनगडची शाळा, आणि डोंकास्टरला हातभराच्या अंतराने जिंकलेला तो घोडा, या तिन्हींसह, एकही न गाळता.